कासला कुठला कॅमेरा न्यायचा?

सकाळचे साडेसहा. साताऱ्यातनं यवतेश्वरचा घाट चढून कासच्या फुलांच्या पठाराकडं वर आलोय, काचेवर सारखं धुकं बसतंय आणि मागच्या सीटवर तीन कॅमेरे, दोन छत्र्या अन् वडापावची पिशवी. दाजींचा ब्रिज, म्हणजे लांब झूमची लेन्स कायमची बसवलेला कॅमेरा, माझा जुना आरशाचा डीएसएलआर आणि भाचीनं दोन दिवसांसाठी कुणाकडनं तरी मागून आणलेला बिनआरशाचा मिररलेस.

व्हिडिओत हे निळंजांभळं दिसतंय ना, ती सीतेची आसवं. लांबनं बघितलं तर पठारभर पसरलेलं, जवळ जावं तर एकेक फूल जेमतेम नखाएवढं. कीटकभक्षी आहे बरं का! बुडाशी बारीक फुगे असतात, पाण्यातले सूक्ष्म जीव त्यात ओढले जातात. २०१२ ला पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारसा यादीत आलं, गर्दी वाढली, त्यामुळं वाट सोडून फुलांत लोळायचं काम नाही. जे काय करायचं ते वाटेच्या कडेनं.

आणि तिथंच माझी गोची झाली. डीएसएलआर घेताना दुकानदारानं २४ मेगापिक्सेल, २४ मेगापिक्सेल असं दहादा सांगितलं, स्क्रीन फिरत नाही हे एकदाही नाही, मी पण विचारलं नाही म्हणा. आता ओल्या जांभ्यावर हनुवटी टेकवायची, डोळा लावायचा, तोवर चष्मा पांढरा. भाचीनं नुसता स्क्रीन बाहेर ओढला, वर वळवला, उकिडवी बसली, झालं.

बरं, कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स साधारण पाव मीटरच्या आत फोकसच करत नाही. मग मी एक्स्टेन्शन ट्यूब लावली, म्हणजे काच नसलेली नुसती पोकळ नळी. लेन्स सेन्सरपासून, म्हणजे आतल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीपासून, पुढं सरकते, फूल मोठं दिसतं, पण उजेड कमी होतो आणि लांबचं काही फोकस होत नाही. अगदी जवळनं टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सपेक्षा लई स्वस्त पडते हे मात्र खरं.

दाजींच्या ब्रिजला आम्ही घाटात हसलो होतो. त्याचा सेन्सर ६.१७ बाय ४.५५ मिलिमीटर, मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्याचा ३६ बाय २४, क्षेत्रफळात तीसेक पट फरक. उजेड गेला की फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे. पण सेन्सर बारका म्हणूनच फूल पुढनं मागनं सगळं शार्प येतं, आणि निकॉनच्या पी ९०० सारख्या ब्रिजला झूम ८३ पट, फुल फ्रेमच्या हिशेबानं २००० मिलिमीटरपर्यंत. मायणीच्या तलावावर पक्षी टिपायला एवढी लांब लेन्स डीएसएलआरला घ्यायची म्हणजे उसाचं बिल तिथंच संपलं.

डीएसएलआरमध्ये डोळा लावला की आरशातनं नुसतं समोरचं दिसतं; मिररलेसमध्ये आरसा नाही, सेन्सरचंच चित्र स्क्रीनवर येतं, त्यामुळं फोटो उजळ येणार का काळपट ते आधीच दिसतं. धुक्यात हे फार उपयोगी, कारण ऑटोवर ठेवलं की कॅमेरा पांढरं धुकं राखाडी करून टाकतो. २००८ ला पॅनासॉनिकचा जी १ आला, तिथनं ही जात सुरू झाली, आता कॅनन-निकॉनचं लक्षही तिकडंच. फक्त बॅटरी! अकराला एक संपली.

फोन? अख्ख्या पठाराचा रुंद फोटो, म्हणजे वाइड, घ्या की निवांत. मॅक्रोला इतकं जवळ जावं लागतं की फुलावर आपलीच सावली.

आत्ता हे जे फूल वाऱ्यानं हलतंय, तो शॉट दाजींच्या ब्रिजचा. मागनं आवाज येतोय तो भाचीचा. "मामा, पाय घे की मागं, तुझा बूट येतोय फ्रेममध्ये."