गरम इंजिन बंद पडतं तेव्हाची पहिली पाच मिनिटं

जुना ट्रॅक्टर सकाळी एका झटक्यात चालू होतो, अर्धा तास झकास ओढतो आणि मग बंद पडतो. थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू. सगळे म्हणतात, इंजिन गरम होतं म्हणून बंद पडतं. माझं सांगणं एवढंच आहे, की हे आधी तपासा. अर्ध्या तासात इंजिन तापलं हे खरं, पण त्याच अर्ध्या तासात टाकीतून डिझेलही गेलं. दोष उष्णतेचा आहे की वेळेचा, हे कळतं ते बंद पडल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत. आपण मात्र नेमकी तीच पाच मिनिटं ‘गार होऊ दे’ म्हणून घालवतो.

टाकीच्या झाकणापासून सुरुवात करा. झाकणाला हवा आत घ्यायला बारीक भोक असतं. ते मातीने बुजलं, की डिझेल बाहेर जातं पण त्याच्या जागी हवा येत नाही. टाकीत पोकळी तयार होते, फीड पंपाला, म्हणजे टाकीतलं डिझेल पुढे पाठवणाऱ्या छोट्या पंपाला, डिझेल ओढता येत नाही आणि इंजिन हळूहळू जीव सोडतं. उभं राहिल्यावर फटीफटीतून हवा आत झिरपते आणि ट्रॅक्टर पुन्हा चालू होतो. मालकाला वाटतं, गार झाला म्हणून चालू झाला. बंद पडल्याक्षणी झाकण सैल करा. फुस्स करून हवा आत गेली आणि लगेच नळ्यांतली हवा काढून इंजिन चालू झालं, तर दोष सापडला. असाच एक ट्रॅक्टर मी पाहिला. त्याचा पंप दोनदा खोलून झाला होता, ऐन हंगामात मालकाचे कामाचे दिवस गेले होते, आणि दोष त्या भोकात होता. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

झाकण ठीक असेल तर टाकीतून डिझेल बाहेर पडतं त्या तोंडाकडे वळा. जुन्या टाकीत गंज आणि गाळ असतो. डिझेल वाहतं तसा तो तोंडाशी ओढला जातो, प्रवाह थांबला की खाली बसतो. टाकी वर असेल तर फीड पंपाकडे जाणारी नळी सोडा आणि डिझेल डब्यात पडू द्या. दोन सेकंद धार बघून नळी जोडू नका, चांगली काही मिनिटं बघा. धार बारीक होत गेली तर आत कचरा आहे. ते डिझेल पारदर्शक बाटलीत घेऊन ठेवा, पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसेल.

आता ‘एअर घेतो’ म्हणतात तो प्रकार. फीड पंपाच्या आधीच्या ओढीच्या बाजूला फट असली तर तिथून डिझेल गळेलच असं नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून नळ्या कोरड्या दिसल्या तरी विश्वास ठेवू नका. फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा लावा, बुडबुडे डोळ्यांनी दिसतील. बॅन्जो बोल्टचे, म्हणजे नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे, तांब्याचे वायसर वापरून कडक होतात. नवे नसतील तर लालबुंद तापवून गार केले की पुन्हा मऊ होतात.

खरा उष्णतेचा दोष डिझेल पंपात असतो, म्हणजे नोझलला दाबाने डिझेल देणाऱ्या मुख्य पंपात. आतला प्लंजर (दट्ट्या) आणि तो ज्यात सरकतो त्या बॅरलमध्ये अवघी 2 ते 4 मायक्रॉनची जागा असते. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड. झिजून ही जागा वाढली तरी थंड डिझेल जाडसर असल्यामुळे भागतं. पण 40 अंशांचं डिझेल 80 अंशांना गेलं, की साधारण दुपटीने पातळ होतं आणि फटीतून मागे पळतं. असा ट्रॅक्टर ओझ्याखाली कदाचित ओढेल, पण रेस कमी केली की बंद पडतो. मग स्टार्टर कितीही फिरवा, कमी फेऱ्यांवर दाब तयारच होत नाही. खात्रीसाठी बंद इंजिनच्या पंपावर ओलं फडकं गुंडाळा. फडक्याने पंप निवला आणि इंजिन चालू झालं, तर पंप झिजला आहे. तापलेल्या पंपावर बादलीने पाणी मात्र ओतू नका, चालू असताना तर मुळीच नको.

दिवा मालवल्यासारखं इंजिन एकदम थांबत असेल आणि पंपावर विजेचा स्टॉप सोलेनॉइड, म्हणजे करंट गेला की डिझेल तोडणारा खटका, असेल, तर तेव्हाच त्याचा करंट तपासा. पेट्रोलवरच्या जुन्या इंजिनात तापल्यावर दगा देतात ते ठिणगी पाडणारे भाग, कॉइल आणि कंडेन्सर. तिथेही गरम असतानाच ठिणगी बघायची.

एक लक्षण वेगळं ठेवा. इंजिन जड होत, कण्हत थांबलं आणि स्टार्टरनेही फिरेना, तर पिस्टन सिलिंडरमध्ये धरलेला, म्हणजे अडकलेला, असू शकतो. तिथे ओढून चालू करू नका. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आणि नोझलच्या नळीतून फवारा उडत असेल तर बोट लावून बघू नका. तो दाब कातडीतून डिझेल आत घुसवतो, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने दवाखाना गाठावा लागतो.

इथे टेबलावर खोललेला पंप ठेवला आहे. पुढे या, प्लंजरवरचे उभे ओरखडे उजेडात धरून बघा. ते पाण्याने आणि धुळीने पडलेत. शेजारी नवा प्लंजर आहे, त्याला हात लावण्याआधी बोटं डिझेलच्या भांड्यात धुऊन घ्या.