तारेचा पीळ

नमस्कार श्रोतेहो.

आज मी तुमच्याशी टोपीबद्दल बोलणार आहे. मखमल, पिसं आणि रिबिनी आपण सगळेच बघतो. मला बोलायचंय ते त्यांच्या आत लपलेल्या तारेबद्दल. हॅट आणि बॉनेट, म्हणजे हनुवटीखाली रिबिनींनी बांधायची टोपी, घडवण्याच्या कलेला मिलिनरी म्हणतात. हा शब्द इटलीतल्या मिलान शहरावरून आला. तिथल्या रिबिनी, कापड आणि टोप्या विकणारा तो मिलिनर.

मिलिनरीच्या वर्गात पहिल्या दिवशी माझ्या हातात कापड येईल असं वाटलं होतं. आलं ते तारेचं वेटोळं. ही तार पोलादी असते, पण तिच्यावर सूत घट्ट गुंडाळलेलं असतं. उघड्या तारेवरून टाका घसरत जातो. सुतात मात्र सुई धरते आणि टाका जागच्या जागी बसतो.

वेटोळं सोडलं तरी तार आपला गोलावा सोडत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, अगदी तसं. अंगठा आणि बोटं यांच्यात धरून, गोलाव्याच्या उलट दिशेनं हलका दाब देत ती ओढायची. पुन्हा ओढायची. टेबलावर ठेवली की सपाट पडून राहिली पाहिजे. माझी पहिली हॅट मी या कामात घाई करून बनवली आणि तिच्यावर मखमलही चढवली. दुसऱ्या दिवशी तिची एक बाजू आपोआप वर उचललेली होती. आमच्या बाईंनी मखमल उसवायला लावली. आत बघितलं तर कडेची तार तिच्या जुन्या वळणावर गेलेली. फार वाईट वाटलं, पण त्यानंतर मी कधीही तार सरळ केल्याशिवाय कापलेली नाही.

आता सांगाड्याकडे वळू. सुरुवात डोक्याच्या घेरापासून. समजा घेर 56 सेंटीमीटर आहे. अस्तर आणि शिवण यांच्यासाठी एक सेंटीमीटर सैल धरायचं आणि जोडासाठी पाच. म्हणजे 62 सेंटीमीटर तार कापायची. दोन्ही टोकं पाच सेंटीमीटर एकमेकींवर आणून दोऱ्यानं गच्च बांधायची आणि हा जोड मागच्या बाजूला ठेवायचा. मग ते कडं लांबट करायचं, कारण आपलं डोकं गोल नसतं, कपाळापासून मागे लंबगोल असतं. इथे चूक झाली, तर माप बरोबर असूनही हॅट डोक्यावर फिरत राहते.

या कड्यातून चाकासारखे आठ आरे बाहेर काढायचे: पुढे एक, मागे एक, दोन बाजूंना दोन आणि मधल्या कोपऱ्यांत चार. आऱ्यांच्या टोकांना कडेची तार लागते. तारा जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथे बारीक मऊ तारेनं बांधून पक्कडीनं पीळ द्यायचा आणि टोक आत दाबायचं, नाहीतर ते एक दिवस कापडातून डोकं वर काढणारच.

मला सगळ्यात आवडते ती ही कडेची तार. आरे तेवढेच ठेवून ती थोडी आखूड घेतली, तर काठ वाडग्यासारखा वळतो. थोडी जास्त घेतली, तर काठाला लाटा येतात. म्हणजे हॅटचा सगळा डौल बोटभर तारेवर अवलंबून! जाळी किंवा शिफॉन लावायचं असेल तर तार दिसणारच, म्हणून सुताचा रंगही कापडाला जुळणारा घ्यायचा.

बॉनेटचं गणित वेगळं. तिचा काठ चेहऱ्याभोवती पुढे येतो, मानेकडे जवळजवळ नसतोच, आणि हनुवटीखाली रिबिनी बांधतात. ताण कानांजवळ येतो, म्हणून तिथले जोड मी दुहेरी बांधते. युरोपात अठराव्या शतकात उंच केशरचनांवर घालायला कॅलॅश नावाची बॉनेट निघाली. तिच्यात वेताच्या किंवा देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्ट्यांच्या कमानी असायच्या आणि ती घोडागाडीच्या छतासारखी मिटायची. पुढे एकोणिसाव्या शतकात कापडातच नळ्या शिवून, त्यांत वेत किंवा तार ओवून, चुण्या पाडलेल्या बॉनेट आल्या. त्यांत सांगाडा आणि कापड वेगळे काढताच येत नाहीत. मला ते काम फार सुंदर वाटतं.

तुम्ही शिकायला बसलात, तर एक करा. कापड लावण्याआधी नुसता सांगाडा डोक्यावर ठेवून आरशात बघा, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. मागून दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. एक आरा जरी तिरपा असेल, तर तो तेव्हाच दिसतो, आणि तेव्हा तो सरळ करायला पक्कडीची एक चिमटही पुरते.