तू येणार नसशील तर

श्रोतेहो, प्रभू येशू ख्रिस्तामध्ये तुम्हा सर्वांना सप्रेम नमस्कार.

समजा, तुम्ही आजवर प्रार्थनेत जे जे मागत आलात, ते सगळं देवानं आज द्यायचं ठरवलं. आजार बरा होईल, मुलांचं चांगलं होईल, वैऱ्यांचं काही चालणार नाही. फक्त एक अट. तो म्हणाला, "हे सगळं घे, पण मी तुझ्याबरोबर येणार नाही." तुम्ही काय उत्तर द्याल?

इस्राएल लोकांपुढे अगदी हीच वेळ आली होती. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा 33वा अध्याय उघडा. लोकांनी देवाला सोडून केलेली सोन्याच्या वासराची पूजा नुकतीच होऊन गेली आहे. परमेश्वर त्यांचा पुढारी मोशे याला म्हणतो, तुम्ही पुढे निघा. मी तुमच्यापुढे दूत पाठवीन, कनानी, अमोरी, हित्ती सगळ्यांना घालवून देईन, दुधामधाचे प्रवाह वाहणारा देश तुम्हाला मिळेल. पण मी मात्र तुमच्याबरोबर येणार नाही. वचन पाळलं जाणार होतं, विजय ठरलेला होता, वाट दाखवायला स्वर्गाचा दूत होता. उणीव होती ती एकट्या देवाची.

आणि ते लोक रडले. मला या अध्यायातली ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्यांनी आपली कुंडलं काढून वासरू घडवायला दिली होती, त्याच लोकांनी आता शोक करत अंगावरचे दागिने उतरवले. त्यांना कळलं होतं की ही चांगली बातमी नाही. मोशे तर सरळ म्हणाला, तू स्वतः येणार नसशील तर आम्हाला इथून पुढे नेऊच नकोस. इथून म्हणजे कुठून? रखरखीत रानातून! देवाशिवाय सुपीक देशात जाण्यापेक्षा देवाबरोबर रानात राहिलेलं त्याला चाललं असतं. परमेश्वरानं त्याचं ऐकलं, मी स्वतः येईन म्हणाला. तरी मोशे थांबला नाही. पुढची मागणी काय? "मला तुझं तेज दाखव." दर्शनमंडपात, म्हणजे देवाच्या भेटीच्या तंबूत, देव ज्याच्याशी मित्राशी बोलावं तसा समोरासमोर बोलत असे, त्या माणसाची तहान अजून भागलेली नव्हती. देवाच्या जवळ गेलेल्या माणसाला आणखी जवळ जावंसं वाटतं, हे त्याचं लक्षणच आहे.

आता आपल्या प्रार्थना आठवून पाहा. देवाकडून हवं असलेलं किती, आणि देवच हवा म्हणून केलेली विनवणी किती? मागणं चुकीचं नाही. रोजची भाकर माग, असं प्रभूनंच शिकवलं. पण त्या प्रार्थनेत भाकरीच्या आधी काय येतं ते बघा. पित्याचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा. इतर इच्छा मारून टाकाव्यात असं पवित्र शास्त्र सांगत नाही. त्यांना त्यांची जागा मिळते, ती दुसरी.

जे मंडळीत सेवा करतात, त्यांच्याशी मला थोडं वेगळं बोलायचं आहे, कारण हा धोका त्यांनाच जास्त आहे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या 3ऱ्या अध्यायात प्रभू बारा जणांना निवडतो. कशासाठी? त्यांनी आपल्याबरोबर असावं यासाठी, आणि मग उपदेश करायला पाठवावं यासाठी. क्रम असा आहे: आधी सोबत, मग काम. उपदेश, भेटी, सभा, उपास यांनी आठवडा भरून जातो आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं आहे त्याच्यापाशी बसायला वेळ उरत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हे कळतही नाही, म्हणून मला त्याची भीती वाटते. स्वतः प्रभू येशू पहाटे, अंधार असतानाच उठून एकांती जाऊन प्रार्थना करत असे, आणि आदल्या संध्याकाळी तर सगळं नगर त्याच्या दाराशी लोटलं होतं.

कुणी म्हणेल, "माझी काय लायकी त्याच्याजवळ जाण्याची?" लायकीवर काही असतं तर आपल्यातला एकही जण आत गेला नसता. मंदिराच्या सगळ्यात आतल्या भागात, परमपवित्रस्थानात, फक्त मुख्य याजक जाई, तोही वर्षातून एकाच दिवशी, रक्त घेऊन. प्रभूनं वधस्तंभावर प्राण सोडला तेव्हा मंदिरातला त्या स्थानापुढचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. वरपासून, लक्षात घ्या. तो माणसाच्या हातानं फाटला नाही. म्हणूनच इब्री लोकांस पत्र म्हणतं की येशूच्या रक्ताच्या योगे आपण धैर्यानं आत जाऊ या. पश्चात्ताप घेऊन या, पण येताना दाराशीच अडखळून उभे राहू नका.

आणि काही दिवस असे येतील की प्रार्थनेला बसल्यावर काहीच जाणवणार नाही. शब्द कोरडे वाटतील. 42व्या स्तोत्रातला भक्त अशाच दिवसांतून जात होता. हरिणी पाण्यासाठी लुलपते तसा त्याचा जीव देवासाठी तळमळतो, आणि लोक विचारतात, "तुझा देव कुठे आहे?" त्याला तेव्हा देव जाणवत नव्हता, तरी तो बोलत होता देवाशीच. ती तळमळ त्याच्या अविश्वासाची खूण नव्हती. देवावाचून त्याचं भागत नव्हतं, म्हणून ती होती. तुमच्या मनात आज अशी तळमळ असेल तर तिला दुसऱ्या कशानं गप्प करू नका. मोबाइल हातात घेऊन ती दबते, कामात बुडून दबते, कधी कधी धार्मिक गडबडीनंही दबते.

उद्या प्रार्थनेला बसाल तेव्हा मागण्यांची यादी थोडा वेळ बाजूला ठेवा. स्तोत्र 27 मधलं चौथं वचन उघडा. हे स्तोत्र रचणाऱ्या दावीद राजाभोवती शत्रू आहेत, सैन्य तळ देऊन बसलं तरी मी भिणार नाही, असं तो स्वतःच आदल्या ओळीत म्हणतो, आणि तरी तो परमेश्वराजवळ एकच गोष्ट मागतो: आयुष्यभर त्याच्या घरात राहावं आणि त्याचं मनोहर रूप पाहावं. ते वचन मोठ्यानं वाचा, मग आपल्या शब्दांत तेच मागा. यादी नंतर घ्या. पित्याला ती ठाऊकच आहे.