पावती आहे, पण नोंदणी?

नमस्कार श्रोतेहो.

घर घेताना माणसं काय काय बघतात! नळाला पाणी किती वेळ येतं, गाडी कुठे लागेल, देवघर कोणत्या दिशेला येईल. वास्तुशांतीचा मुहूर्त तर दोन-दोन पंचांगं ताडून काढतात. पण खरेदीखताची नोंदणी पुरी झाली का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघणारी माणसं मला फार कमी भेटतात. ‘एजंटानं केलंय हो सगळं’, एवढ्यावर भागतं. दारावर ग्रॅनाइटची पाटी मात्र सोनेरी अक्षरांची. या पाट्यांवर कधीतरी वेगळं बोलायचंय मला, आज राहू दे.

आधी एक गोंधळ दूर करू. नोटरी केली म्हणजे नोंदणी झाली, असं कितीतरी जण समजतात. तसं नाही. नोटरी वेगळी, नोंदणी वेगळी. नोटरीच्या शिक्क्यानं घर तुमच्या नावावर होत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकत घेतली, तर तिचा दस्त 1908च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे सब-रजिस्ट्रारकडे, नोंदवावाच लागतो. शंभर रुपयांत आता दाराची कडीसुद्धा येत नाही, पण कायद्यातला आकडा तोच आहे. कुलमुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, आणि नुसता साठेकरार, म्हणजे पुढे विकण्याचा करार, यांवर मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये स्वच्छ सांगितलंय. तरीही असे व्यवहार चालू आहेतच.

आता मास्तरांची गोष्ट. ही मी बऱ्याच जणांना ऐकवलीये, तुम्हालाही ऐकवतो.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर. शिस्तीचे. त्यांना एकच व्यसन, लॅमिनेशनचं. रेशनकार्ड लॅमिनेट, पेन्शनचा कागद लॅमिनेट, मुलाची लग्नपत्रिकासुद्धा लॅमिनेट. जाता जाता सांगतो, मला या प्रकाराचा मनापासून राग आहे. मूळ कागद प्लास्टिकमध्ये चिकटवला की पुन्हा सुटत नाही, त्यावर कुणाला शेरा मारता येत नाही, शिक्का उमटवता येत नाही. फाईलमध्ये ठेवा की नीट!

तर मास्तरांनी निवृत्तीच्या पैशातून एक जुनं बैठं घर घेतलं. विकणारे बहीण-भाऊ, वडिलोपार्जित घर, दोघांची नावं मिळकत पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर. व्यवहार एजंटानं जुळवलेला. ठरल्या दिवशी मास्तर आणि त्यांच्या पत्नी, आमच्या बाई, नोंदणी कार्यालयात गेले. भाऊ आला. बहीण आली नाही, ती परगावी राहायची. एजंट म्हणाला, “ताई पुढच्या आठवड्यात येऊन अंगठा देतील. तुम्ही काळजी करू नका.” हे वाक्य कानावर पडलं की माझी काळजी सुरू होते, पण मास्तर निश्चिंत. दस्त सादर झाला, फोटो निघाले, अंगठे झाले, पैसे भरल्याची पावती हातात आली. मास्तरांनी येताना वाटेतच ती लॅमिनेट करून घेतली.

घरी आल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, “अहो, पण त्या ताई आल्याच नाहीत ना?” मास्तर म्हणाले, “तुला त्यातलं काय कळतं?”

इथं थांबून एक बोलतो, विषय सोडून असला तरी. घराच्या व्यवहारात बायकांनी विचारलेला प्रश्न असा उडवून लावायची आपल्याकडे रीतच आहे. महाराष्ट्रात 2021 पासून राहतं घर महिलेच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पुरुषमंडळी सवलत तेवढी घेतात, सल्ला घेत नाहीत.

असो. पाच-सहा वर्षं गेली. घरपट्टी मास्तरांच्या नावानं यायला लागली. ती कशी लागली ते मला विचारू नका; घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे, एवढंच लक्षात ठेवा. पाहुणा आला की मास्तर फाईल काढायचे आणि ती चकचकीत पावती दाखवायचे. पाहुणेही माना डोलवायचे. मग मुलानं वर एक मजला चढवायचं ठरवलं आणि कर्जासाठी बँकेत गेले.

बँकेतल्या मुलीनं विचारलं, “काका, इंडेक्स टू आणलाय?” इंडेक्स टू म्हणजे सूची-दोन, नोंदवलेल्या दस्ताचा नोंदणी कार्यालयानं दिलेला सारांश. मास्तरांनी पावती पुढे केली. ती म्हणाली, “ही पावती आहे. इंडेक्स टू?” मास्तर म्हणाले, “हेच ते. नोंदणीचं आहे.” मुलगी शांत होती. तिनं पावती वाचली आणि म्हणाली, “काका, यावरच लिहिलंय बघा. मूळ दस्त, थंबनेल प्रिंट आणि सूची-दोन अंदाजे इतक्या वाजता मिळेल. मग, मिळाली का?”

श्रोतेहो, जी पावती मास्तर वर्षानुवर्षं लोकांना दाखवत होते, ती पावतीच सांगत होती की खरा कागद अजून यायचाय! त्यांनी रक्कम वाचली होती, तारीख वाचली होती, आपलं नाव तर नक्कीच वाचलं होतं. ती एक ओळ तेवढी वाचली नव्हती.

मग नोंदणी कार्यालय. कारकुनानं नंबर घातला आणि म्हणाला, “दस्त प्रलंबित आहे.” लिहून देणार, म्हणजे विकणारे, दोघं; भावाचा फोटो, भावाचा अंगठा आणि बहिणीची जागा रिकामी. तिनं येऊन ‘हो, हा दस्त मी करून दिला’ अशी कबुली दिलीच नव्हती. कायद्यानं दस्त झाल्यापासून चार महिन्यांत ही हजेरी व्हायला हवी; त्यानंतर दंड भरून आणखी चार महिने मिळतात. दोन्ही मुदती केव्हाच उलटल्या होत्या. एजंटाचा फोन लागत नव्हता.

मास्तर बहिणीकडे गेले. ती बाई सरळ. म्हणाली, “मला कुणी बोलावलंच नाही. आणि भावानं माझा हिस्साही दिला नाही. मास्तर, राग मानू नका. आधी पैसे, मग अंगठा.” आता बोला! मास्तरांनी पूर्ण रक्कम भावाला देऊन टाकलेली, आणि बहीण-भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. ज्यांनी आयुष्यभर वर्गातली भांडणं सोडवली, ते या वयात दोन घरांत फेऱ्या घालत बसले. भावानं दोन हप्त्यांत बहिणीचे पैसे दिले, तेही वकिलाची नोटीस गेल्यावर. मग नवा दस्त लिहिला, त्याचा खर्च पुन्हा मास्तरांनाच. या वेळी सगळे हजर. सगळ्यांचे फोटो, सगळ्यांचे अंगठे.

इंडेक्स टू हातात आला तेव्हा तो मास्तरांच्या हाती गेलाच नाही. बाईंनी टेबलावरून उचलला आणि थेट पर्समध्ये घातला. लॅमिनेशनवाल्याचं दुकान रस्त्यातच होतं ना!

मास्तरांनी निम्मा वेळ खाल्ला, आता भरभर सांगतो. पावती म्हणजे नोंदणी नव्हे. पुन्हा सांगतो, पावती म्हणजे नोंदणी नव्हे. हातात दोन गोष्टी हव्यात: नोंदवलेला दस्त आणि सूची क्रमांक दोन, म्हणजेच इंडेक्स टू. दस्ताच्या पानापानावर कार्यालयाचं लघुनाव, दस्त क्रमांक आणि वर्ष छापलेलं असतं. शेवटी दस्त गोषवारा असतो. तिथं देणाऱ्या आणि घेणाऱ्या प्रत्येकाचा फोटो, प्रत्येकाचा अंगठा दिसला पाहिजे. एकही जागा रिकामी दिसली तर तिथंच विचारा, घरी येऊन नको.

इंडेक्स टूमध्ये दोन तारखा असतात, दस्त करून दिल्याची आणि नोंदणी केल्याची. दुसरी तारीख आहे ना, ते बघा. नावं, क्षेत्रफळ, भूमापन क्रमांक, सदनिका क्रमांक, मोबदला आणि मुद्रांक शुल्क यांची प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचा. मुद्रांक शुल्क ई-चलनानं भरलं असेल तर ते चलन डिफेस झालं का, म्हणजे तुमच्याच दस्तासाठी वापरलं गेलं का, तेही बघा.

घरबसल्या पडताळायचं असेल तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची सोय आहे. गाव आणि भूमापन क्रमांक टाकून किंवा दस्त क्रमांकावरून शोधता येतं. संकेतस्थळावर नसलेल्या जुन्या दस्तांसाठी मात्र कार्यालयात जाऊन शुल्क भरून सूची पाहावी लागते. मिळकतींच्या दस्तांचं पुस्तक आणि त्याची सूची कुणालाही बघता येते, मालकाची परवानगी लागत नाही. घर घेण्याआधी वकीलमंडळी तीस वर्षांचा शोध घेतात, तो यातूनच.

नोंदणी झाली तरी मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर फेरफार, म्हणजे मालक बदलल्याची नोंद, झालाय का, ते वेगळं बघावं लागतं. फ्लॅट असेल तर सोसायटीचा भाग दाखला, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, आपल्या नावावर करून घ्या, पण तो दाखला म्हणजे नोंदणी नव्हे.

आणि इंडेक्स टूमध्ये चूक सापडली, क्षेत्रफळ चुकलं, सदनिकेचा आकडा उलटा पडला, तर हातानं खाडाखोड करू नका. चूक मूळ दस्तातच असेल तर चूक दुरुस्ती पत्र करावं लागतं आणि तेही नोंदवावं लागतं. त्यावर विकणाऱ्याचीही सही लागते. विकणारे घर विकून मुलाकडे परदेशी जातात, फोन बदलतात, वारतात. म्हणून हे वाचन पहिल्याच आठवड्यात उरका.

नमस्कार.