कॅव्हन्साइट आणि मोकळं चौथं टोक

(साताऱ्यातल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ही डबी रांगेनं पुढं सरकवत राहा, फक्त आतल्या निळ्या गोंड्याला बोट लावू नका. तो सुयांचा आहे आणि सुया मोडतात. पांढरं दिसतंय ते स्टिल्बाइट आणि त्यावर बसलेलं मोरपिशी निळं ते कॅव्हन्साइट. पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, "रंग दिलाय का?" शंका अगदीच चुकीची नाही. बाजारात निळा गोंडा दुसऱ्याच दगडावर चिकटवून विकणारेही भेटतात, म्हणून सांधा आधी भिंगाखाली बघावा. रंग मात्र आतला आहे, व्हॅनेडियम या धातूचा.

नावातच सगळा मालमसाला आहे. कॅल्शियमचं 'कॅ', व्हॅनेडियमचं 'व्हॅन' आणि सिलिकॉनचं 'सि' जोडून कॅव्हन्साइट. अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या ओवायही धरणाजवळच्या आणि गोबल गावाजवळच्या नमुन्यांवरून १९७३ साली त्याचं शास्त्रीय वर्णन छापून आलं. तिथले स्फटिक बारीक होते. जगानं तोंडात बोट घातलं ते पुण्याजवळच्या वाघोलीचे नमुने पाहून. खडीसाठी सुरुंग लावायचा, क्रशरमध्ये दगड भरडायचा, असा तिथला धंदा. त्यातून किती निळं रस्त्याच्या डांबराखाली गेलं असेल, याचा विचार करून मला अजून हळहळ वाटते.

आता वर्गीकरणाकडे येऊ. कोरडा विषय म्हणून जांभई देऊ नका, खरी गंमत इथंच आहे. शेतात पायात रुततो तो सराटा आठवा. कसाही टाका, एक काटा वर राहतोच. सिलिकेटचा, म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनच्या खनिजाचा, मूळ घटक साधारण तसाच असतो: मधे सिलिकॉन आणि चार टोकांना चार ऑक्सिजन. हे सराटे एकमेकांचे काटे किती वाटून घेतात, त्यावरून खनिजाची जात ठरते. एकही वाटून घेतला नाही तर ऑलिव्हिन, दोन वाटले की पायरॉक्सिनसारखी साखळी, तीन वाटले की अभ्रकासारखा पापुद्रा आणि चारही वाटले की चौफेर जाळी. गारगोटी त्या जाळीची. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट ही झिओलाइटं, म्हणजे पोकळ्यांत पाणी धरून ठेवणारी खनिजं, हीही त्याच जाळीची, फक्त तिथं काही सिलिकॉनच्या जागी अ‍ॅल्युमिनियम बसलेलं असतं.

कॅव्हन्साइटमध्येही पाणी आहे आणि ते झिओलाइटांच्याच घरात सापडतं. म्हणून विक्रेते त्याला बिनदिक्कत झिओलाइट म्हणतात. पण ते झिओलाइट नाही. त्याचे सराटे तीनच काटे वाटून घेतात, म्हणजे जात पापुद्र्यांची. सिलिकॉनच्या हिशेबानं चौथं टोक मोकळंच राहतं. अभ्रकाच्या एका पापुद्र्यात ही मोकळी टोकं सगळी एकाच बाजूला वळलेली असतात. इथं काही वर, काही खाली. त्यांना धरून व्हॅनेडियम एक पापुद्रा दुसऱ्याला बांधतं आणि मधल्या पोकळीत कॅल्शियम आणि पाणी राहतं. मोजून सांगायचं तर एक कॅल्शियम, एक व्हॅनेडियम, चार सिलिकॉन आणि पाण्याचे चार रेणू. म्हणजे ज्या व्हॅनेडियममुळं रंग, त्याच्यावरच इमारत उभी.

याचं एक जुळं भावंड आहे, पेंटागोनाइट. सूत्र तंतोतंत तेच, रंगही तसाच निळा. मग दोन नावं कशाला? ठिपक्यांची रांगोळी काढता ना तुम्ही? ठिपके तेच, पण जोडण्याची रीत बदलली की नक्षी बदलते. कॅव्हन्साइटच्या पापुद्र्यात चार-चार आणि आठ-आठ सराट्यांची कडी असतात, पेंटागोनाइटमध्ये सहा-सहांची. त्याचे स्फटिक जुळून उगवतात आणि आडव्या छेदात पाच पाकळ्यांची चांदणी दिसते, त्यावरून नाव पडलं. दोन्ही वाघोलीला मिळाली. डोळ्यांवर विसंबून मीही एकदा चिठ्ठीवर चुकीचं नाव लिहिलं होतं. क्ष-किरणांनी कान उपटला.

बाकी गुणधर्म पटकन सांगतो. कठीणपणा मोहसच्या १ ते १० या पट्टीवर ३ ते ४, चाकूचा ओरखडा सहज उठतो. गारगोटी ७ वर असते. घनता पाण्याच्या सव्वादोन पटींच्या आसपास.

"आपल्याकडं सापडेल का?" असं मघाशी मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं. खडक तर तोच आहे. कोयनेच्या परिसरात गोठणे गावात ३ किलोमीटर खोल छिद्र पाडलं, तेव्हा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, सव्वा किलोमीटरच्या आसपास संपला आणि खाली ग्रॅनाइट लागला. इतक्या जाडीच्या बेसाल्टमध्ये व्हॅनेडियम असतंच, पण दहा लाख भागांत काही शे भाग, सगळीकडे विखुरलेलं. ते कोमट-गरम पाण्यात उतरायला हवं, मग एखाद्या फटीत कॅल्शियम आणि सिलिकाशी त्याची गाठ पडायला हवी, तीही नेमक्या परिस्थितीत. म्हणून मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. विहिरीच्या किंवा खाणीच्या दगडात निळं दिसलं, तर ते खरवडून काढू नका, अ‍ॅसिडनं धुऊ तर मुळीच नका. भोवतीच्या दगडासकट उचला आणि कोणत्या गावचा, किती खोलीवरचा, हे त्याच दिवशी कागदावर लिहून सोबत ठेवा.