झटका नेमका कुठे बसतो? जुन्या माझदा एमएक्स-५ ची तपासणी

(दृश्य: टॅकोमीटरचा काटा, मागे चढाचा रस्ता)

तिसरा गिअर. टॅकोमीटरचा काटा २,५०० वर, म्हणजे इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्या (आरपीएम) घेतंय. समोर हलका चढ आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. गाडी ओढायला लागते, मध्येच दोन-तीन झटके देते आणि ४,००० ओलांडले की पुन्हा सुरळीत पळते. आयडलला, म्हणजे पाय काढून गाडी उभी असताना, इंजिन शांत आहे. डॅशबोर्डवर एकही दिवा पेटलेला नाही.

ही पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. जपानमध्ये ती युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. पुढे उभं बसवलेलं १,५९७ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ताकद मागच्या चाकांना, वजन टनाच्या आत. अमेरिकेतल्या गाडीत हे इंजिन ६,५०० आरपीएमला ११६ हॉर्सपॉवर देत असे. भारतात ही गाडी कंपनीने कधी विकली नाही. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाच्या गॅरेजमध्ये मात्र ती दिसू शकते, आणि तिथे ती बहुधा दोन-अडीच लाख किलोमीटर पळून आलेली असते.

अशी गाडी झटके देऊ लागली की पहिला मोह होतो तो पार्ट बदलण्याचा. आधी ऑक्सिजन सेन्सर, मग कॉईल (प्लगच्या ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारी), मग इंधन पंप. पैसे जातात, झटका राहतो. म्हणून कुठलाही पार्ट मागवण्याआधी एक कागद घ्या आणि झटका कधी येतो ते लिहून काढा. किती आरपीएमला? अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरवर की पूर्ण दाबल्यावर? इंजिन थंड असताना की तापल्यावर? पावसात वाढतो का? वळणावर, टाकी पाव भरलेली असताना येतो का? या उत्तरांनी अर्धी तपासणी उरकते.

यातली एक खूण फार मोलाची आहे. झटका बसतो त्या क्षणी टॅकोमीटरकडे बघा. गाडीचा वेग तसाच असताना काटा धाडकन खाली येऊन परत वर जात असेल, तर इग्निशनचा प्राथमिक सर्किटच तुटतोय. इग्नायटर (कॉईलची वीज चालू-बंद करणारा), मेन रिले, कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) मागच्या टोकाला बसवलेला कॅम अँगल सेन्सर किंवा त्यांची वायरिंग, यांपैकी काहीतरी. काटा स्थिर राहून गाडी झटके देत असेल, तर स्पार्क प्लगपर्यंत पोहोचत नाही किंवा इंधन-हवेचं प्रमाण बिघडलंय. आणि काटा वर चढतोय पण वेग वाढत नाही, तर इंजिनाला दोष देऊ नका, क्लच घसरतोय.

(दृश्य: बॉनेटखाली डायग्नोसिसचा डबा, झाकण उघडलेलं)

बॉनेटखाली डायग्नोसिस असं लिहिलेला एक छोटा डबा आहे. त्यातल्या टीईएन आणि जीएनडी या दोन खाचा वायरच्या तुकड्याने जोडा आणि चावी ऑन करा. अमेरिकन गाडीत चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. ०२ आणि ०३ हे कोड क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) आणि कॅमच्या सिग्नलचे, ०८ एअर फ्लो मीटरचा, ०९ कूलंट तापमानाचा, १५ ऑक्सिजन सेन्सरचा. कोड आला तर छानच. नाही आला म्हणजे सगळं ठीक आहे, असं मात्र समजू नका. या ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, मिसफायर (सिलिंडरमधलं इंधन न पेटणं) मोजताच येत नाही. सर्किट तुटलं तर त्याला कळतं. प्लगवर ठिणगी पडली की नाही, हे कळत नाही.

आता मुख्य संशयित. झटका २,००० ते ४,००० च्या दरम्यान, टॉप गिअरमध्ये, चढावर, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर येत असेल, तर सगळ्यात आधी प्लगच्या वायरी बघा. या इंजिनाची ही ओळखीची दुखरी जागा आहे. कारणही सरळ आहे. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडला की सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबली जाते, दाब वाढतो, आणि तेवढ्या दाबात प्लगची फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. वायरीचं रबर म्हातारं झालेलं असेल, तर ठिणगी फट ओलांडण्याऐवजी रबरातून सिलिंडर हेडच्या धातूकडे पळते. आयडलला दाब कमी असतो, म्हणून तिथे काही जाणवत नाही.

अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींवर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचं बारीक तुषार मारा. गळती असेल तर निळसर ठिणग्या डोळ्यांना दिसतात. हात लांब ठेवा, हे हजारो व्होल्टचं काम आहे. मग इंजिन बंद करून प्रत्येक वायर मल्टिमीटरने मोजा. एका मीटर लांबीला साधारण १६ किलोओहम ही मूळ वायरीची पातळी. वायरींच्या लांबीत फरक आहे, म्हणून आकडे थोडे वेगळे येणारच. एखादी वायर अनंत दाखवत असेल किंवा हलवल्यावर आकडा उड्या मारत असेल, तर चारही बदला, एकच नको.

वायर उपसल्यावर प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल खड्ड्यात, टॉर्च मारा. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट कडक झालं की तेल विहिरीत झिरपतं, रबरी बूट फुगून मऊ होतो आणि ठिणगीला दुसरी वाट मिळते. तेल पुसून नव्या वायरी घातल्या आणि गॅस्केट तसंच ठेवलं, तर त्या वायरीही लवकरच वाया जातील. प्लगची फट १.०ते १.१ मिलिमीटर. जुन्या प्लगमध्ये ती झिजून वाढलेली सापडते, आणि वाढलेल्या फटीला आणखी जास्त व्होल्टेज लागतं. चारही प्लग सिलिंडरच्या क्रमाने फडक्यावर मांडा. तीन फिकट तपकिरी आणि एक काळा ओला, तर तपासणी त्या एका सिलिंडरवर आली.

कॉईल इथे दोन आहेत. एक १ आणि ४ नंबरच्या सिलिंडरला, दुसरी २ आणि ३ ला, आणि दोन्ही प्लगवर एकाच वेळी ठिणगी पडते. याचा फायदा घ्या. आयडलला एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघा. चालू सिलिंडरचा कनेक्टर काढला की इंजिन डळमळतं. ज्याचा काढल्याने काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. १ आणि ४ दोन्ही मेलेले असतील, तर कॉईल किंवा तिचा इग्नायटर. एकटाच मेलेला असेल, तर वायर, प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब). कॉईलचा प्राथमिक रेझिस्टन्स ०.७८ ते ०.९४ ओहम, दुय्यम ११.२ ते १५.२ किलोओहम. चालू इंजिनवर प्लगच्या वायरी उपसून ही परीक्षा करू नका. झटका बसतो तो वेगळाच, पण मोकळ्या सुटलेल्या ठिणगीचा ताण कॉईलवर आणि इग्नायटरवर पडतो.

(दृश्य: एअर फ्लो मीटर ते थ्रॉटलपर्यंतचा रबरी पाइप, बोटांनी ताणलेला)

इग्निशन स्वच्छ निघालं, तर हवेकडे वळा. १.६ लिटरच्या या इंजिनात हवा मोजते ती एअर फ्लो मीटरमधली एक फडकी, म्हणजे छोटी झडप. हवेच्या ओढीने ती उघडते आणि किती उघडली ते ईसीयूला कळतं. तिथून थ्रॉटलपर्यंत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेपर्यंत) इंजिनाच्या वरून जाणारा घड्यांचा रबरी पाइप आहे. तीस वर्षं उष्णता खाल्लेल्या रबराला घडीच्या तळाशी, खालच्या बाजूला चिरा जातात. वरून बघितलं तर पाइप ठणठणीत दिसतो. आयडलला चीर मिटलेली असते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन आपल्या माउंटवर कलतं, पाइप ताणला जातो, चीर उघडते आणि न मोजलेली हवा आत शिरते. मिश्रण पातळ होतं, गाडी अडखळते. माउंट जितके बसलेले, तितकं इंजिन जास्त कलतं.

व्हॅक्यूमची गळती शोधायला कार्ब क्लीनर फवारायची सवय अनेकांना असते. इथे ती फसवते. हा पाइप थ्रॉटलच्या आधी आहे, आत ओढ जवळपास नाही, म्हणून फवारा मारूनही इंजिनाचा आवाज बदलत नाही. पाइप काढा, हातात घेऊन प्रत्येक घडी उलगडा. दुसरा उपाय नाही.

फडकीचीही परीक्षा घ्या. चावी ऑन, इंजिन बंद. एअर क्लीनरच्या बाजूने बोटाने फडकी हळूच ढकला. मागे इंधन पंप गुणगुणायला लागला पाहिजे, कारण पंपाचा स्विच याच मीटरमध्ये आहे. सिग्नलच्या वायरवर काट्याचा मीटर लावून फडकी शेवटपर्यंत उघडा. काटा एकाच दिशेने, सलग सरकला पाहिजे. मध्येच दचकला, तर आतला कार्बनचा पट्टा तिथे झिजलाय. तो पट्टा बहुतेक वेळा रोजच्या चालीच्या ठिकाणीच झिजतो, म्हणून झटकाही ठरावीक अ‍ॅक्सिलरेटरवरच येतो. डिजिटल मीटरवर ही उडी नजरेतून सुटते.

मॅन्युअल गिअरच्या गाडीत थ्रॉटलवर सलग मोजणारा सेन्सर नाही, दोनच संपर्कांचा स्विच आहे: पाय काढलेला आणि पूर्ण दाबलेला. हा सरकला तर पाय दाबल्यावरही ईसीयूला वाटतं की गाडी आयडलवर आहे. थ्रॉटलच्या थांबपट्टीत ०.४ मिलिमीटरचं फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला, आयडलचा संपर्क जोडलेला राहिला पाहिजे. ०.७ चं घाला, तुटला पाहिजे. दोन स्क्रू सैल करून स्विच फिरवायचा. खर्च शून्य.

पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर, वरच्या आरपीएमला ताकद हळूहळू मरत असेल, झटका न बसता, तर इंधन. इंधनाच्या रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) दाबाचं गेज लावण्याआधी पंपाचा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडू द्या, म्हणजे पाइपमधला दाब उतरतो. आयडलला ३० ते ३८ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब हवा. रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढली की दाब वर गेला पाहिजे. त्या नळीत पेट्रोलचा वास किंवा थेंब सापडला, तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय. खरी परीक्षा मात्र रस्त्यावरची. गेज काचेला टेपने चिकटवून, सोबत्याला बघायला बसवून, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर दाब टिकतो का ते पाहा. पडत असेल तर पंपाला शिव्या देण्याआधी गाडीच्या मागच्या भागात, खाली बसवलेला फिल्टर बदला. इंधन ठीक असूनही वर दम कोंडत असेल, तर व्हॅक्यूम गेज लावून ३,००० आरपीएम धरून ठेवा. काटा सावकाश खाली घसरत गेला, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलाय.

आता कॉम्प्रेशन. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. कॅम अँगल सेन्सरचा कनेक्टर काढा, म्हणजे ठिणगी आणि इंधन दोन्ही बंद. ३०० आरपीएमला १९२ पीएसआय ही मूळ पातळी, १३५ ही खालची मर्यादा, आणि सिलिंडरांमधला फरक २८ च्या आत. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

(दृश्य: क्रँक पुली, चार खाचा)

उरतो तो या गाडीचा सगळ्यात कपटी दोष. १९८९ पासून १९९१ च्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच गाड्यांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक बारीक होतं. ओळखायचं असं, की पुलीच्या तोंडावर चार खाचा दिसतात. जाड टोकाच्या गाडीत आठ. टायमिंग बेल्ट बदलताना मधला बोल्ट नीट आवळला गेला नाही, तर चावी (इथे गिअरला क्रँकवर घट्ट धरणारा धातूचा छोटा तुकडा) आणि तिची खाच झिजायला लागते. बेल्ट फिरवणारा दातांचा गिअर क्रँकवर थोडाथोडा फिरतो. कॅम मागे पडतो, ताकद जाते, कधी आहे कधी नाही असं होतं. आणि टायमिंग लाईट, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते पुलीच्या खुणेवर दाखवणारी बत्ती? ती १० अंशच दाखवते. कारण खुणेची पुली त्याच गिअरला बोल्टने जोडलेली आहे. गिअर फिरला की खूणही त्याच्यासोबत फिरते. दोघे मिळून खोटं बोलतात.

म्हणून १ नंबरचा प्लग काढून पिस्टनवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं उपकरण) टेकवा, पिस्टन खरोखर वर कधी पोहोचतो ते शोधा आणि पुलीची खूण शून्यावर आहे का ते ताडून पाहा. काही अंशांचा फरक दिसला, की बेल्ट उघडावाच लागेल. उघडल्यावर कॅमच्या दोन गिअरांवरच्या आय आणि ई या खुणांमध्ये बेल्टचे १९ दात येतात का तेही मोजा. एखादा दात चुकलेला असणं अजिबात दुर्मीळ नाही.

खाच थोडीच झिजलेली असेल, तर नवी चावी, नवा बोल्ट आणि लॉकटाइट ६६० सारखं पोकळी भरणारं रसायन वापरून गिअर बसवता येतो. पृष्ठभागावर तेलाचा थेंबही राहता कामा नये, आणि रसायन पूर्ण वाळल्याशिवाय स्टार्टर मारू नये. खाच फाटून रुंद झाली असेल, तर क्रँक बदलणं किंवा जाड टोकाचं इंजिन बसवणं हाच मार्ग.

दुरुस्तीनंतर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ब्रेक पेडल दाबून धरा, ईसीयूची स्मृती पुसली जाते. मग टीईएन-जीएनडी जोडून आयडल ८५० ला आणि टायमिंग १० अंशांना लावा, आणि जोडलेली वायर आठवणीने काढा. ती राहिली तर टायमिंग अडकलेलं राहतं आणि गाडी पुन्हा मंद वाटते. त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, २,००० पासून ६,५०० पर्यंत ओढून बघा. थोडे दिवस चालवल्यावर चारही प्लग पुन्हा काढून फडक्यावर मांडा. रंग सारखा असला, तर काम झालं. एक वेगळा असला, तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर शेजारच्याशी अदलाबदल करा आणि काळपटपणा त्याच्यासोबत जातो का ते पाहा.