गोळी पोटात, जंतू श्वासनलिकेत: मधली भिंत औषध कसं ओलांडतं?

नमस्कार! अँटिबायोटिकची गोळी गिळली की औषध पोटातून रक्तात जातं, इथवर आपल्याला माहीत असतं. पण जंतू तर श्वासनलिकेत, कफात बसलेले. तिथं ते पोचतं कसं?

श्वासनलिकेला आतून पेशींचं अस्तर असतं. या पेशी वरच्या कडेला एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात, की मधल्या फटीतून औषधाचे रेणू फारसे जातच नाहीत. ही शिवण हवीच, नाहीतर श्वासातले जंतू सहज आत उतरले असते. औषधाला मात्र पेशीच्या पोटातूनच वाट काढावी लागते, आणि पेशीचं आवरण आहे तेलकट.

अझिथ्रोमायसिन नावाचं अँटिबायोटिक हे आवरण पार करतं. पेशीत आम्लधर्मी पिशव्या असतात, लायसोसोम. तिथं पोचलं की त्याच्यावर धन विद्युतभार चढतो आणि परत बाहेर पडणं अवघड होतं. मग ते हळूहळू झिरपत राहतं. गोळ्या तीन दिवसांत संपल्या तरी फुप्फुसात औषध पुढं कितीतरी दिवस टिकतं ते यामुळे. मला ही गोष्ट दरवेळी नव्यानं थक्क करते.

टोब्रामायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचं उलट. पाण्यात विरघळणारं, विद्युतभार असलेलं. तेलकट आवरणापाशीच अडतं. शिरेतून दिलं तर कफापर्यंत थोडंच पोचतं. डोस वाढवावा, तर मूत्रपिंड आणि कानांना धोका.

सिस्टिक फायब्रोसिस या, कफ घट्ट करणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांना स्युडोमोनास जंतू वर्षानुवर्षं छळतो. त्यांच्यासाठी भिंतीच्या दुसऱ्या बाजूनं जायचं ठरलं: नेब्युलायझरनं, म्हणजे टोब्रामायसिनचे बारीक तुषार करून श्वासावाटे. 1997 मध्ये अमेरिकेत याला मान्यता मिळाली. 300 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, 28 दिवस घ्यायचं, 28 दिवस थांबायचं. आता तीच भिंत आपल्या बाजूनं उभी राहते! औषध वरच राहतं, रक्तात फार कमी उतरतं.

अडचण उरते कफाची. मेलेल्या पांढऱ्या रक्तपेशींचा डीएनए कफात साचतो, त्याच्यावर ऋण भार असतो, आणि टोब्रामायसिन त्याला चिकटून वाया जातं. डोस एवढा मोठा असण्याचं हे एक कारण. क्रमही म्हणूनच ठरलेला आहे: आधी श्वासनलिका रुंद करणारं औषध, मग छातीची फिजिओथेरपी करून कफ काढायचा, आणि टोब्रामायसिन सगळ्यात शेवटी. तुमच्या घरी कुणाला हे औषध चालू असेल, तर घाईच्या दिवशीसुद्धा कफ काढायची पायरी गाळू नका.